वाचनाची सुरुवात पाटीवरून नको: सीमाभागातल्या मराठी घरांसाठी खेळातून वाचनाच्या पायऱ्या

पाच वर्षांचं मूल ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत न अडखळता म्हणून दाखवतं. घरचे खूश होतात. मग कुणीतरी कागदावर ‘कान’ लिहून समोर धरतं आणि मूल बेधडक ‘कमळ’ म्हणतं. तक्त्यावर ‘क’च्या शेजारी कमळाचं चित्र होतं, ते त्याला पाठ आहे. म्हणजे त्याला तक्ता येतो, वाचता येत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत ही तक्रार नेहमीची. तिच्या जोडीला दुसरी असते: शाळेत कन्नड, ट्यूशनला इंग्रजी, घरी मराठी, म्हणून पोर गोंधळलंय. मला विचाराल तर गोंधळ भाषांपेक्षा क्रमाचा जास्त असतो. आधी पाटी, मग पाठांतर, मग बाराखडी आणि शब्द सगळ्यात शेवटी, असा आपला क्रम. तो उलटा लावायचा: आधी कान, मग हात, मग लगेच शब्द, आणि पेन्सिल शेवटी. खालच्या पायऱ्या चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. घाई न करता शाळेचं एक वर्ष धरून चाला.

## आधीची तयारी

सामान विकत आणण्याआधी घरात शोधा.

कार्डं. जुन्या लग्नपत्रिका काढा. कागद जाड असतो, मागची बाजू बहुधा कोरी असते आणि आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर त्यांचा ढीगच साठतो. साधारण ८ सेंटिमीटरचे चौकोन कापा. सगळे एका मापाचे हवेत, नाहीतर पुढे मात्रा (काना, वेलांटी, उकार अशा सगळ्या खुणा) बसणार नाहीत. प्रत्येक अक्षराची तीन कार्डं करा. एकच केलंत तर ‘मामा’ लावता येत नाही.

खरखरीत अक्षरं. हार्डवेअरच्या दुकानातून १०० ते १२० नंबरचा काचपेपर आणा. त्याहून जाड घेतला तर बोटं सोलतात. अक्षर काचपेपरच्या मागच्या बाजूने आखून कापणार असाल तर ते आरशात दिसतं तसं उलटं आखा, नाहीतर कापून झाल्यावर ‘न’ उलट्या तोंडाचा निघतो. रेघ बोटाएवढी रुंद ठेवा. शिरोरेषाही चिकटवा; कार्डाची वरची बाजू कोणती ते मुलाला तिच्यावरूनच कळतं.

पारदर्शक पट्ट्या. नवीन शर्टाच्या किंवा साडीच्या पॅकिंगचं कडक प्लॅस्टिक आणि न पुसणारा मार्कर. यांच्या मात्रा करायच्या आहेत, ते चौथ्या पायरीत येईल.

परात. तळाला रंगीत कागद आणि वर बोटभर रवा किंवा चाळलेली बारीक वाळू. रांगोळी वापरू नका. ती नाकातोंडात उडते आणि तोच हात डोळ्याला लागतो.

माती. खानापूरकडे राहत असाल तर कुंभाराकडून ओंजळभर मळलेली माती मिळेल. गणपतीतला उरलेला शाडू चालतो. काहीच नसेल तर कणकेत मूठभर मीठ घालून घट्ट गोळा मळा.

वस्तूंचं खोकं. चपलांचं रिकामं खोकं घ्या आणि ते पायरीप्रमाणे भरत जा. सुरुवातीला मक्याचे चार दाणे, छोटा आरसा, खेळण्यातली बस, झाकण लावलेल्या वाटीत गूळ.

> सावध: आवाज मोजायला चिंचोके उत्तम, पण घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर ते खेळापुरतेच बाहेर काढा आणि मोजून परत ठेवा. नाकात जातात. खानापूर-चंदगड पट्ट्यात काजूच्या कच्च्या बिया घरात पडलेल्या असतात, त्या या खेळात अजिबात आणू नका. टरफलातलं तेल कातडीला भाजतं.

बाजारातला प्लॅस्टिकचा अक्षरसंच घ्यायचाच असेल तर दुकानातच डबा उघडून ‘ळ’ आहे का ते बघा. बरेच संच हिंदीसाठी केलेले असतात आणि त्यांत ‘ळ’ नसतो. ‘नळ’, ‘फळ’, ‘गूळ’ आणि खुद्द ‘बेळगाव’ ज्या संचात लागत नाही तो आपल्या काय कामाचा? ‘ल’ आणि ‘श’ही पाहून घ्या. मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा, हिंदी वळणाचा उभ्या दंडाचा. मोबाइलवर बहुधा हिंदी वळण दिसतं. कार्डांवर एकच वळण ठेवा. दुसरं वाचन सुरू झाल्यावर सहज दाखवता येतं.

वेळ रोज दहा-पंधरा मिनिटं, एकदाच. शाळेतून आल्या आल्या नको, काहीतरी खाऊन झाल्यावर. मूल रंगात आलेलं असतानाच खेळ थांबवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते स्वतःच खोकं काढून आणतं.

भाषा कोणती आधी? मूल ज्या भाषेत भांडतं, हट्ट करतं, झोपेत बडबडतं, ती आधी. शाळा कुठल्याही माध्यमाची असो. जो शब्द आधीच तोंडात आहे तोच कागदावर ओळखता येतो.

## पायरी १: कान. अक्षर दाखवायचंच नाही

हीच पायरी लोक गाळतात आणि पुढचं सगळं त्यामुळे अडतं. शब्द आवाजांचा बनलेला आहे हे मुलाला ऐकू यायला हवं. ते ऐकू येत नसेल तर अक्षर ही त्याच्या लेखी फक्त आकृती.

टाळ्या. मा-मा, का-का, भा-क-री, पा-णी. प्रत्येक आवाजाला एक टाळी. सुरुवात अशाच शब्दांनी करा ज्यांच्या शेवटी स्वर स्पष्ट ऐकू येतो. ‘नाक’ने केलीत तर मूल एकच टाळी देईल, आणि कानाच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. आपण ‘नाक’ एका झटक्यात म्हणतो, लिहिताना मात्र दोन अक्षरं. असे शब्द आठवडाभराने आणा. तेव्हा टाळ्या नकोत, चिंचोके वापरा: ‘ना’ म्हणत एक ठेवायचा, ‘क्’ म्हणत दुसरा. मूल कन्नडही बोलत असेल तर तिथे ही अडचण येत नाही. ‘मूगु’, ‘किवि’ या शब्दांना दोन टाळ्या आपसूक पडतात, कारण शेवटचा स्वर तिथे पूर्ण उच्चारला जातो. हा फरक लक्षात ठेवा, तिसऱ्या पायरीत तो पुन्हा आडवा येणार आहे.

पहिला आवाज. स्वयंपाकघरात बसून: “मला एक गंमत दिसतीय, ‘त’ने सुरू होणारी.” तवा, तांब्या, तूप, ताट. मग पाळी मुलाची. ‘तलवारीचा त’ असं म्हणायचं नाही. नुसता ‘त’, आखूड.

शेवटचा आवाज. म्हणजे भेंड्या, पण गाण्यांच्या नाही, शब्दांच्या. ‘ळ’ आणि ‘ण’ यांची ओळख इथेच करून द्यायची, कारण मराठीत या अक्षरांनी सुरू होणारा रोजचा शब्द सापडत नाही. तक्त्यावरचा ‘बाणातला ण’ मुलाला कळत नाही तो यामुळेच. बाकीची बहुतेक अक्षरं शब्दाच्या पुढे असतात आणि ही मागे.

एक बारीक गोष्ट. ‘चाक’ आणि ‘चार’ सलग म्हणून बघा. ‘च’ दोन वेगवेगळे ऐकू येतात, अक्षर मात्र एकच. ‘ज’ आणि ‘झ’चंही तेच. तीक्ष्ण कानाचं मूल इथे हमखास हटकतं. त्याला “गप, एकच आहे” म्हणू नका. “होय की, ऐकायला दोन आहेत, लिहायला एक” एवढं सांगून पुढे जा. ‘च’ आणि ‘ज’ पहिल्या गटात घ्यायचे नाहीत ते याचसाठी.

> तपासा: खोक्यातल्या पाच वस्तूंपैकी चारांचा पहिला आवाज मूल न सांगता ओळखतं का? नसेल तर अक्षरं काढू नका. आठवडा जाऊ दे, दोन जाऊ देत. आवाज पुन्हा पुन्हा विचारावा लागत असेल किंवा हाक मारून मूल वळत नसेल तर आधी कान तपासून घ्या.

## पायरी २: अक्षर हाताला लागू दे

‘अ आ इ ई’ या क्रमाने जाऊ नका. ज्या अक्षरांचे लगेच शब्द होतात ती आधी. मी असे गट लावते:

१. क, म, न, स आणि काना: कान, नाक, मान, मका, काका, मामा, काम.
२. ब, र, त, ग आणि दीर्घ वेलांटी: बस, बाबा, रात, बाग, तीन, गरम, बकरी, बारीक.
३. प, ल, घ, ळ आणि दीर्घ उकार: घर, नळ, पाल, गूळ, तूप, पूल, घागर, कापूस.
४. व, द, ण, ख आणि एक मात्रा: देव, पाणी, वेणी, खानापूर, बेळगाव.

चौथ्या गटापर्यंत येईतो मूल स्वतःच्या गावाचं नाव लावतं. गावाच्या नावात वेगळं अक्षर असेल तर गट तसे बदला. निपाणीकरांना पहिली वेलांटी लवकर लागेल.

एका वेळी दोनच अक्षरं, आणि दिसायला एकमेकांपासून लांबची. ‘म’ आणि ‘क’ चालतील. शिकवायची रीत माँटेसरीच्या तीन टप्प्यांची:

- “हा ‘म’.” तुम्ही दोन बोटांनी खरखरीत अक्षर गिरवता, मग मूल गिरवतं. गिरवताना आवाज एकदाच म्हणायचा.
- “‘म’ कुठाय? ‘म’ माझ्या हातात दे. ‘क’ दाराशी ठेव. ‘म’ पाटाखाली लपव.” हा टप्पा सगळ्यात लांब चालायला हवा. दहा-बारा वेळा, हसतखेळत, घरभर फिरत.
- “हा कोणता?”

जवळपास सगळे पालक पहिल्या टप्प्यावरून तिसऱ्यावर उडी मारतात. मूल गप्प बसतं आणि आपण म्हणतो, “आत्ताच सांगितलं होतं ना?” मूल तिसऱ्या टप्प्यावर अडलं तर उत्तर सांगून परीक्षा पुढे रेटू नका, गुपचूप दुसऱ्यावर परत या.

गिरवण्याची दिशा पहिल्या दिवसापासून पक्की हवी. आधी अक्षराचं अंग, मग उभा दंड, शिरोरेषा शेवटी, डावीकडून उजवीकडे. काचपेपर झाला की परातीत, त्यानंतर मातीच्या वळ्या करून अक्षर घडवायचं. मग अंगणात खडूने मोठ्ठं अक्षर काढून त्यावरून चालायचं. पाटीचा नंबर त्यानंतर.

> सावध: मुलाचा हात धरून गिरवून घेऊ नका. हात तुमचा चालतो, बोटाला काही कळत नाही. चुकलं तर परात हलवा, अक्षर पुसलं जातं. परातीचा खरा उपयोग हाच. वहीवरची खाडाखोड मुलाला दिसत राहते.

या जोड्या एकाच आठवड्यात आणायच्या नाहीत: घ-ध, भ-म, ब-व, प-ष, थ-य, ट-ठ, ड-इ, क-फ. एक पक्कं होऊ दे, मग दुसरं, आणि दोन्ही स्वतंत्रपणे येऊ लागली की शेजारी ठेवून फरक मुलालाच शोधू दे. ‘घ’ आणि ‘ध’साठी शिरोरेषेवरून बोट फिरवायला लावा. ‘घ’वर ती अखंड जाते, ‘ध’वर मध्ये फट लागते. ‘म’ आणि ‘भ’चंही तसंच. डोळ्याला न दिसलेली फट बोटाला लगेच लागते.

## पायरी ३: आधी शब्द लावायचा, मग वाचायचा

चार अक्षरं आणि काना हाताशी आले की थांबू नका, त्याच दिवशी शब्द. “सगळी मुळाक्षरं झाल्याशिवाय काना नाही” या हट्टापायी वर्ष वाया जातं आणि मुलाला अक्षरांचा उपयोगच कळत नाही.

वाचण्याआधी लावणं सोपं असतं, कारण शब्द मुलाला आधीच ठाऊक असतो. त्याला फक्त आवाज सुटे करायचे असतात. खोक्यातून वस्तू काढायची, नाव सावकाश म्हणायचं, कार्डं मांडायची. सहसा असं चालतं:

“आज्जी, हे मक्याचं.”
“मग लाव की. पहिलं काय ऐकू येतं?”
“म.” कार्ड ठेवलं.
“पुढं?”
“क.” तेही ठेवलं. “झालं!”
“थांब, तू काय लावलंस ते मी वाचते हं. ‘मक.’ भाजलेला मक खाणार काय गं?”
“मक न्हवं, मका!” आणि काना शोधायला हात खोक्यात.

आजीने “चुकलं” हा शब्दच काढला नाही. जे लावलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवायचं, चूक मुलाच्या कानाला आपोआप सापडते. सगळ्या पायऱ्यांमध्ये मला सगळ्यात उपयोगी वाटलेली युक्ती हीच.

पहिले शब्द शरीरावरचे घ्या. ‘नाक’ लावलं की ते कार्ड नाकाला लावायचं, ‘कान’ कानाला, ‘मान’ मानेला. लिहिलेला शब्द आणि वस्तू यांची गाठ अंगावरच बसते.

इथे दोन अडचणी येतात.

पहिली म्हणजे सुटं सुटं वाचणं. ‘घ… र…’ म्हटल्यावर मुलाला ‘घर’ ऐकूच येत नाही, कारण ते ‘घअ-रअ’ म्हणतं. मराठीत शेवटच्या अक्षरातला ‘अ’ आपण गिळतो. ‘करवत’सारख्या शब्दात मधलाही गिळतो. कन्नडमध्ये तसं करत नाहीत, अक्षरातला ‘अ’ तिथे पूर्ण ऐकू येतो. त्यामुळे शाळेत कन्नड वाचायला शिकलेलं मूल मराठी ‘राम’ही शेवटचा ‘अ’ ओढून वाचतं. हे अज्ञान नाही, एकीकडची सवय दुसरीकडे आली आहे. उपाय सोपा: कार्डं सुरुवातीला हातभर अंतरावर ठेवा, वाचता वाचता एकमेकांकडे सरकवा, आणि ती चिकटली की शब्द एका दमात म्हणायचा. सरकवायचं काम मुलाचं.

दुसरी अडचण चित्राची. शब्दाच्या कार्डावर चित्र काढू नका. मूल चित्र बघतं, अक्षराकडे ढुंकूनही पाहत नाही. चित्र हवं असेल तर मागच्या बाजूला, वाचून झाल्यावर पडताळून बघायला.

घरात ‘पानी’ म्हणत असतील आणि कार्डावर ‘पाणी’ असेल तर मुलाच्या बोलण्याला हसू नका. “आपण पानी म्हणतो, पुस्तकात असं लिहितात,” एवढं पुरे.

> तपासा: मुलाने कधीच न लावलेला, पण त्याच अक्षरांचा शब्द द्या. ‘कान’ आणि ‘मका’ येत असतील तर ‘काम’ द्या. जमलं तर वाचन सुरू झालं. जमलं नाही तर पाठांतरच चाललंय. नवा गट घेऊ नका.

## पायरी ४: मात्रा वर ठेवून बघायच्या

‘क काना का, क पहिली वेलांटी कि’ ही घोकणी मुलं गाण्यासारखी म्हणतात. मग मधूनच ‘कू’ विचारा: पुन्हा पहिल्यापासून गात येतील. बाराखडी कामाची आहे, पण मात्रा कळल्यावर, आधी नाही.

पारदर्शक पट्टीवर मात्रा काढा. ‘ी’ची पट्टी अशी आखा की दंड कार्डाच्या उजव्या कडेला येईल आणि कमान अक्षराच्या डोक्यावर. ‘क’च्या कार्डावर पट्टी ठेवली की ‘की’, उचलली की ‘क’. तीच पट्टी ‘ब’वर, ‘त’वर, ‘र’वर. एक चिन्ह सगळ्यांना तसंच वाकवतं हे हाताला समजतं. मुलं यात रमतात, उचल-ठेव उचल-ठेव करत तोंडाने ‘क, की, क, की’ चालू असतं. दोन दिवस तसंच चालू द्या.

मात्रेचं नाव सांगायची घाई नको. ‘काना’, ‘वेलांटी’ ही नावं मोठ्यांच्या सोयीची आहेत. मुलाने ‘क काना का’ न म्हणता थेट ‘का’ म्हणायला हवं.

क्रम: काना, ी, ू, े, ो, मग ि, ु, शेवटी ै, ौ. दीर्घ आधी घ्यायचं कारण मराठीच्या लेखनातच आहे. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार जवळजवळ नेहमी दीर्घच असतात: पाणी, बकरी, चाकू, लाडू. ‘आणि’सारखे अपवाद येतील तेव्हा येतील.

‘ि’ सगळ्यांना छळते. आवाज अक्षरानंतर येतो, चिन्ह मात्र अक्षराच्या आधी बसतं. मूल ‘नि’ लावताना ‘न’ ठेवतं आणि वेलांटी उजवीकडे लावतं. कन्नड शिकणाऱ्या मुलांत हे जास्त दिसतं, कारण कन्नडमधली इकाराची खूण अक्षराच्या डोक्यावरच बसते, डावीकडे काही येत नाही. म्हणून ‘ि’च्या पट्टीच्या डाव्या कोपऱ्याला लाल टिकली चिकटवा. लाल कोपरा नेहमी डाव्या हाताकडे. अक्षर आधी ठेवायचं, तोंडाने ‘नि’ म्हणायचं, मगच पट्टी डावीकडून सरकवायची.

अनुस्वार इथेच उरका. ‘पंखा’, ‘आंबा’ आणि आपली बेळगावची मिठाई ‘कुंदा’ घ्या. टिंब एकच, पण पुढच्या अक्षराप्रमाणे आवाज बदलतो. नियम सांगत बसू नका. शब्द ओळखीचा असला की जीभ बरोबर वळते. कुंद्याचा रिकामा डबा खोक्यात घातला तर हा धडा कुणी विसरत नाही.

## पायरी ५: वाचलं की काहीतरी घडलं पाहिजे

आता चिठ्ठ्या. मुलाला येणाऱ्या अक्षरांतच लिहा, एकही नवं अक्षर नको. ‘नाक धर’, ‘पाणी दे’, ‘खाली बस’, ‘बाबाला हाक मार’ अशा, ज्या वाचून लगेच करता येतील. मूल मनात वाचतं आणि कृती करतं. बरोबर वाचलं की नाही ते तुम्हाला न विचारता कळतं. मग पाळी उलटी. मूल चिठ्ठी लावणार आणि तुम्ही करणार. वडील कोंबड्यासारखे आरवताना दिसले की मूल दुसरी चिठ्ठी आपणहून लावतं.

मग शोधाशोध: पहिली चिठ्ठी उशीखाली, तिच्यात ‘नळ’, नळापाशी दुसरी, तिच्यात ‘कपाट’. चार चिठ्ठ्या पुरेत.

बाहेर मराठी छापील मजकूर आपल्याकडे कमी दिसतो. पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा कर्नाटक राज्याचा नियम २०२४ मध्ये झाला, बसवरची गावांची नावं कन्नडमध्ये असतात. त्यामुळे मराठी वाचायला मिळावं याची सोय घरातच करायला लागते. भिंतीवरची दिनदर्शिका, मराठी पेपरातले मोठे मथळे, लग्नपत्रिकेवरची नावं, गणेशोत्सवातले आणि शिवजयंतीच्या चित्ररथांवरचे फलक. पेपरातल्या एका मथळ्यात येणारी अक्षरं शोधून गोल करायची, एवढंच. पूर्ण मथळा वाचायची सक्ती नको.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळ फुकट आहे. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या असतात आणि मराठी, कन्नड दोन्हींत मिळतात. पहिल्या पातळीचीच घ्या. मूल हुशार आहे म्हणून तिसरीची घेणारे पालक मुलाला पुन्हा चित्र बघून अंदाज करायला शिकवतात.

> सावध: मोठ्याने वाचताना प्रत्येक शब्दाला अडवू नका. शब्दाला पाच-सहा सेकंद थांबा, मग पहिला आवाज द्या, तरी नाही आलं तर शब्द सांगून पुढे जा. एका ओळीत तीन शब्द अडले तर पुस्तक अवघड आहे.

## पायरी ६: जोडाक्षरं घडी घालून

म, न, स, त, प, ग, ज ही दंडाची अक्षरं. त्यांची नवी कार्डं करा आणि दंडाच्या अलीकडे घडी पाडा. घडी मागे मुडपली की दंड नाहीसा, अक्षर अर्धं. शेजारी पूर्ण अक्षर चिकटवा: मस्त, पुस्तक, चप्पल, आप्पा, आज्जी. ‘क’ला दंड मधोमध, म्हणून त्याची उजवी शेपटीच थोडी मुडपायची: अक्का. पाकळीचा ‘ल’ असा दुमडत नाही, ‘गल्ली’ नमुना दाखवून शिकवा. बेळगावात घराचा पत्ता बहुधा कुठल्यातरी गल्लीतच असतो, तेव्हा सराव भरपूर होतो.

ट, ड, द, ह यांची जोडाक्षरं आणि ‘र’चे प्रकार (सूर्य, प्रसाद, राष्ट्र, पायऱ्या) पहिलीच्या शेवटापर्यंत मागे ठेवा. पुस्तकात आले तर शब्द सांगून मोकळं व्हा.

## पायरी ७: कन्नड लिपी कधी आणि कशी

शाळेत कन्नड सुरू झालं असेल तर ते थांबवता येत नाही, आणि थांबवूही नये. घरात मात्र मराठीचा दुसरा गट पक्का होईपर्यंत कन्नड कार्डं काढू नका. त्यानंतर दोन्ही चालवा, पण कधीच एका सतरंजीवर नाही. मराठी कार्डांची कड लाल, कन्नडची निळी. खोकं वेगळं, वेळ वेगळी. कन्नड दुपारी घेतलं तर मराठी संध्याकाळी.

शाळेतल्या बाईंना एवढंच विचारा: सध्या कुठला अक्षरगट चाललाय? पहिलीच्या कन्नडमध्येही मुळाक्षरांच्या ओळीने जात नाहीत. ‘र, ग, स, द, अ’ असा गट आधी येतो. घरची कार्डं त्याच गटाची करा. ‘नली-कली’च्या (कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली खेळातून शिकवायची पद्धत) वर्गातल्या मुलाला कार्डांची सवय असतेच, फार सांगावं लागत नाही.

पायऱ्या त्याच: कान, काचपेपर, शब्द लावणं, मग मात्रा, म्हणजे कन्नडमधलं कागुणित. तीन ठिकाणी जास्त लक्ष द्या. कन्नडला आपल्यासारखी सलग शिरोरेषा नाही, त्यामुळे कार्ड उलटं धरलं जातं. वरच्या कडेला रंगाची पट्टी ओढा. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन आहेत. मराठी कानाला तो फरक पटकन ऐकू येत नाही, म्हणून त्यासाठी आठवडाभर फक्त ऐकायचे खेळ. तिसरं जोडाक्षर: मराठीत पहिलं अक्षर अर्धं होतं आणि दुसरं शेजारी पूर्ण बसतं, कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसऱ्याचा ओत्तक्षर, म्हणजे छोटं रूप, खाली लटकतो. मराठी ‘अक्का’ आणि कन्नड ‘अक्क’ एकाच दिवशी लावून घेऊ नका. दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा.

तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर मुलालाच शिकवायला बसवा. त्याने खरखरीत अक्षर गिरवून आवाज सांगायचा, तुम्ही गिरवायचं. मध्येच एखादं अक्षर मुद्दाम चुकवा. ते पकडलं गेलं तर पुढचा गट घ्या. सुटलं तर तोच गट आणखी चार दिवस चालू ठेवा.